पूर्व लंडनमधील एक तरुण मंडळ

अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायल लोक पूर्वी तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्याच ज्यू धर्माच्या, पण दूरच्या मुलखातून आलेल्या मुलांच्या एका मंडळाची ही हकिकत आहे. स्थळ आहे लंडन शहराचा पूर्व भाग.

रशियात १८८१ मध्ये ज्यू वस्त्यांवर दंगली झाल्या. पुढच्याच वर्षी झारच्या सरकारने ज्यूंना खेड्यात नव्याने राहण्यास व जमीन घेण्यास बंदी केली. शहरांतही पोट भरेना, तेव्हा लाखो माणसांनी देश सोडला. बहुतेक अमेरिकेला गेली. लाखाच्या वर इंग्लंडात राहिली. लंडनच्या गोदीजवळ व्हाइटचॅपल, स्टेपनी या भागांत त्यांनी बिऱ्हाडे केली. एकेका खोलीत अख्खे कुटुंब राही. शिवणकाम, बूट, लाकूडसामान हे धंदे. मुले तेराव्या-चौदाव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागत आणि रात्री घरात जागा नाही म्हणून रस्त्यावर भटकत.

या मुलांसाठी पहिला क्लब १८९६ मध्ये ब्रेडी स्ट्रीटवर निघाला. दुसरा नामांकित क्लब १९१४ चा, 'ऑक्सफर्ड अँड सेंट जॉर्जेस'. तो काढणारा बेझिल हेन्रीक्स हा सधन ज्यू घराण्यातला, ऑक्सफर्डला शिकलेला, वय वर्षे २३. तो येऊन-जाऊन काम करीत नसे. त्याच गरीब वस्तीत राहिला. साध्या भाड्याच्या जागेत काम सुरू झाले. कसरत, मुष्टियुद्ध, फुटबॉल, नाटक, प्रार्थना आणि उन्हाळ्यात गावाबाहेर तंबूंची छावणी. मुले त्याला 'गॅफर', म्हणजे आपल्या भाषेत 'मुकादम', म्हणत.

पुढच्या वर्षी रोझ लोव या तरुणीने मुलींचा क्लब काढला. १९१६ मध्ये दोघांचे लग्न झाले. त्याच वर्षी रणगाडे प्रथम लढाईत उतरले. त्यांतल्या एकावर हेन्रीक्स होता आणि जखमी झाला. तो लढाईवर असताना क्लबांचा गाडा रोझबाईंनी ओढला.

मोठी इमारत मिळाली ती १९३० च्या सुमारास. बर्नहार्ड बॅरन या सिगारेट कारखानदाराने ६५ हजार पौंड दिले. हा बॅरन स्वतः रशियन साम्राज्यात जन्मलेला. हेन्रीक्स पुढे बालगुन्हेगारांच्या न्यायालयात मॅजिस्ट्रेट झाला. १९६१ मध्ये तो वारला, तेव्हा त्या रस्त्याला त्याचे नाव दिले गेले.

आज कमर्शियल रोडवरून दक्षिणेला वळले की हेन्रीक्स स्ट्रीट लागते. क्लबच्या इमारतीत आता बिऱ्हाडे आहेत. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षाव आणि नंतर आलेली सुबत्ता यांमुळे ज्यू कुटुंबे उपनगरांत गेली. त्यांच्या जागी मुख्यतः बांगलादेशी लोक आले. जवळच ब्रिक लेनच्या कोपऱ्यावर १७४३ साली फ्रेंच निर्वासितांनी बांधलेले चर्च आहे. १८९८ मध्ये तेथे ज्यूंचे प्रार्थनामंदिर झाले, १९७६ पासून मशीद आहे. वास्तू तीच, पण आलेल्या प्रत्येक लोकांना उपयोगी पडली.

विस्तार अधिकारी म्हणून गावोगावची युवक मंडळे पाहत आलो आहे. आपल्याकडे बहुधा आधी फलक लागतो, मग खोली बांधली जाते, उद्घाटन होते आणि दोन वर्षांत दाराला कुलूप लागते. लंडनच्या या मंडळाला स्वतःची मोठी इमारत सुमारे सोळा वर्षांनी मिळाली. तोवर ते चालले, कारण मुलांना बोलावणारे माणूस त्याच वस्तीत राहत होते.

गावात मंडळासाठी इमारत मागण्याचा ठराव करताना ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारावा : रोज संध्याकाळी दार कोण उघडणार? त्या माणसाचे नाव ठरले, की मगच पायाभरणीचा नारळ फोडावा.