नदी उलटी वाहते!

नदी उलटी वाहते! शप्पथ सांगते, उलटी! सकाळी मांडवी समुद्राकडे चालली होती, एक वाळलेली झावळी पाण्यावर तरंगत निवांत पणजीच्या दिशेनं निघाली होती, आणि मग दुपारी जेवून मी पुन्हा धक्क्यावर आले तर पाणी चढलेलं, धक्क्याचा उतार अर्धा गायब, आणि दुसरी एक झावळी चक्क डोंगराकडे चाललेली! मी ओरडलेच. शेजारी गळ टाकून बसलेल्या आजोबांनी वर बघितलं आणि म्हणाले, "भरती." एवढंच! त्यांच्यासाठी ते रोजचंच, दिवसातून दोनदा!

मी तेलगावची. बीडहून वडवणी ओलांडून परळीकडे निघालं की सिरसाळ्याच्या अलीकडे लागतं ते, साखर कारखान्याचं तेलगाव. पाणी बघितलं नाही असं नाही हो, माजलगावचं धरण जवळच आहे आणि ते भरलं की आम्ही सगळे गाड्या काढून बघायला जातो. पण त्या धरणाची सिंदफणा नदी वाहते ती गोदावरीकडे, आणि गोदावरी वाहते ती पुढंच. मागं फिरत नाही! आणि हे बेट बघा, इथलं पाणी मागं फिरतं, वर चढतं, शेतात शिरायला बघतं, आणि इथली माणसं शेकडो वर्षं त्याला 'नको, बाहेरच थांब' म्हणतायत. पाण्याला नको म्हणणारी शेती! बीड जिल्ह्यात वाढलेल्या माणसानं हे बघून शांत कसं बसायचं, तुम्हीच सांगा!

बेटाचं नाव दिवाडी. गोव्यात, तिसवाडी तालुक्यात, पण समुद्रात नाही, मांडवी नदीच्या मधोमध! गोवा म्हटलं की मला किनारे आणि गर्दीच माहीत. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी सांगितलं, निवांत राहायचंय ना, मग रायबंदरला उतर आणि फेरीबोट पकड. पकडली! आणि काय सांगू! लोखंडी फळी धक्क्यावर टेकते, स्कूटरी खडखडत आत शिरतात, दप्तरं घेतलेली पोरं, मासळीची टोपली घेतलेल्या मावशी, गॅसची टाकी मागं बांधलेला एक काका, सगळे एका बोटीवर, आणि चालत येणाऱ्याला तिकीट नाही! सरकारच्या नदी परिवहन खात्याची बोट, आणि फुकट! मी पाकीट हातात धरून उभी, आणि घ्यायला कुणीच नाही! काही मिनिटांत पलीकडचा धक्का. माझी पाठीवरची सॅक अजून नीट खाली ठेवून झाली नव्हती आणि बेट आलं!

राहायला एक जुनं घर होतं, पाठीवर सॅक घेऊन फिरणाऱ्या पोरापोरींसाठी खाटा मांडलेलं. घराच्या तोंडाशी बलकांव, म्हणजे दोन्ही बाजूंना दगडी बाक असलेली उघडी ओसरी, रस्त्याकडे तोंड करून. कुणीही जाताजाता बसावं! आणि खिडक्या शिंपल्यांच्या! लाकडी चौकटीत चपट्या शिंपल्यांचे तुकडे एकेक करून बसवलेले, काच महाग आणि दुर्मिळ होती त्या काळातले, आणि त्यातून दुपारचं ऊन दुधाळ होऊन फरशीवर येतं. मी प्रत्येक खिडकीला हात लावून बघितला. तुम्हीही लावला असता!

आणि मग माणसं! नागपूरची एक मुलगी, इचलकरंजीचा एक पोरगा, केरळातल्या कुट्टनाडची एक ताई. आदल्या दिवशी कुणी कुणाला ओळखत नव्हतं, आणि मी डबा उघडला, आईनं दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, आणि मग नागपूरकरीण म्हणाली थोडं दे, आणि मग इचलकरंजीकर म्हणाला थोडं म्हणजे किती, आणि मग डबा संपला आणि आम्ही मित्र झालो. इतकं सोपं असतं हे!

सकाळी पोंऽऽ पोंऽऽ असा भोंगा! मी दचकून बाहेर. सायकलवर मागं मोठी टोपली, टोपलीत गरम पाव. हा पोदेर! रोज दारात येतो! पोय घ्या, उंडो घ्या, काकण घ्या. काकण म्हणजे बांगडीएवढा गोल कडक पाव, तो चहात बुडवायचा. पोय मात्र आतून पोकळ, वरून कोंडा लावलेली. पोयीत मी शेंगदाण्याची उरलेली चटणी भरली आणि वर लिंबू पिळलं, आणि घरच्या मालकीणबाईंनी एक घास मागून घेतला, आणि मग आणखी एक!

पण मी पाण्याचं सांगत होते. मी शेतीतली तज्ज्ञ नाही, इंजिनिअर तर नाहीच, मी फक्त आश्चर्यानं भरलेली बाई आहे आणि जे बघितलं ते सांगतेय. बेटाच्या कडेनं मातीचा बांध आहे. लांबच लांब! आम्ही चौघं त्यावरून चालत निघालो. डाव्या हाताला नदी, भरतीनं फुगलेली. उजव्या हाताला भात, सप्टेंबर सरत आलेला, लोंब्या पिवळ्या पडायला लागलेल्या. आणि मग माझ्या लक्षात आलं आणि मी थांबलेच. शेत खाली होतं! नदी वर आणि शेत खाली! मध्ये फक्त बांध! मी तिघांनाही हाताला धरून खाली बसवलं आणि दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळ्या दाखवल्या!

ह्या जमिनींना गोव्यात खाजन म्हणतात. खारं पाणी अडवून, खाडीतून काढलेली जमीन. आपण बंधारा घालतो पाणी आत ठेवायला, ते बांध घालतात पाणी बाहेर ठेवायला! पण मग पावसाचं पाणी? जुलैत इथं कोसळतो, ते पाणी शेतात साठलं तर भात कुजणार, बाहेर काढायचं कसं? आणि मग बांधावर काम करणाऱ्या एका शेतकरी काकांनी आम्हाला मानस दाखवली. ऐका, ऐकाच! बांधाला एक दगडी तोंड, त्याला लाकडी झडपा. लाकूड ऐनाचं, खाऱ्या पाण्यात टिकणारं. भरती आली की नदीचं पाणी बाहेरून झडप ढकलतं आणि झडप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा जोर जास्त होतो आणि झडप आपली आपण उघडते, पावसाचं पाणी नदीत जातं. मोटार नाही! वीज नाही! रात्री दोनला बॅटरी घेऊन कुणी उठत नाही! आमच्याकडे रात्रीची लाइट आली की बाबा पायात चपला अडकवून विहिरीवर पळतात, आणि इथं नदी स्वतः दार लावते आणि स्वतः उघडते! मी काकांना पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी सांगितलं. मी म्हटलं काका, अजून एकदा. त्यांनी अजून एकदा सांगितलं, हातांच्या झडपा करून!

आणि मानशीच्या तोंडाशी मासे! पाणी आत-बाहेर करतं तेव्हा मासे आणि कोळंबी तिथं सापडतात, म्हणून त्या जागेच्या मासेमारीचा लिलाव होतो. आणि हे सगळं कुण्या एकट्याचं नव्हतं! बांध फुटला तर सगळ्यांचंच शेत खारट होणार, म्हणून पोर्तुगीज यायच्या आधीपासून गावकऱ्यांची संस्था बांध सांभाळायची. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटलं, आणि ती संस्था अजून आहे. बांधाबाहेर खारफुटी राखलेली, लाटेचा मार तिनं खावा म्हणून! तिची मुळं चिखलातून वर आलेली, हजारो बोटं आकाशाकडे, कारण चिखलात हवा नाही म्हणून मुळं वर येऊन श्वास घेतात! मुळं श्वास घेतात! पलीकडच्या चोडण बेटावर तर ह्याच खारफुटीत सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, १९८८ पासूनचं, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं.

भाताचं नाव कोरगुट. थोडं खारट पाणी शिरलं तरी तग धरतं. हे ऐकलं आणि आमची कुट्टनाडची ताई उडालीच! त्यांच्या केरळात पोक्कळी नावाचं भात आहे, तेही खाऱ्या जमिनीतलं, पावसाळ्यात भात आणि भात निघालं की त्याच शेतात कोळंबी! आणि कुट्टनाड तर समुद्रसपाटीच्याही खाली! आणि मग ती बांधावर बसून मल्याळम-इंग्रजी-हिंदीत सांगत सुटली, आणि काका कोकणी-मराठीत, आणि मी मध्ये बीडच्या मराठीत, आणि तिघांनाही सगळं कळत होतं!

तेवढ्यात आईचा फोन. "काय करायलीस गं तिथं?"

"आई, पाणी बघायले."

"पाणी बघायला एवढं लांब? धरणात काय कमी पाणी हाय का!"

मी मानशीचं सगळं सांगितलं. पलीकडे शांतता. आणि मग आई म्हणाली, "आन् त्याला लाइट लागत न्हाई?" आणि मग मागून बाबांचा आवाज, "फोटो पाठव म्हणावं त्या दरवाजाचा!" बघा! मी एकटीच वेडी झाले नाही!

बेटाच्या दुसऱ्या टोकाला नारवें गाव. तिथून पुन्हा फेरी, पुन्हा फुकट, आणि पलीकडच्या काठावरच्या गावाचं नावही नार्वे! कारण काय? कदंब राजांचं दैवत सप्तकोटीश्वर, त्याचं देऊळ मुळात दिवाडीवर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं, आणि भक्तांनी लिंग नदीपार नेलं, डिचोलीच्या बाजूला. आणि मग १६६८ मध्ये तिथलं देऊळ कुणी बांधायला घेतलं? शिवाजी महाराजांनी! राज्याभिषेकाच्या सहा वर्षं आधी! दारावर शिलालेख आहे, शके १५९०! मी इतिहासातली जाणकार नाही, पण त्या दाराखाली उभी राहून मी वर बघत राहिले, आणि इचलकरंजीकर माझ्या शेजारी गप्प उभा. तेलगावहून आलेली मी आणि इचलकरंजीहून आलेला तो, दोघंही कुठल्या वाटेनं कुठं येऊन भेटलो! देऊळ लहानसं आहे. झाडीत, डोंगराच्या कुशीत. जुनं, पण २०२३ मध्ये दुरुस्त करून घेतलेलं. जा. खरंच जा.

बाकी आम्ही काय केलं? काही नाही! काही न करण्यात एवढा आनंद असतो हे आमच्याकडे कुणी सांगत नाही, कापूस वेचणीला कोण सांगणार! बलकांवात बसलो. पत्ते खेळलो. नागपूरकरणीनं नारळाचा रस काढून सोलकढी करायचा प्रयत्न केला आणि मालकीणबाईंनी ती हसत सावरली. पियदादच्या टेकडीवर चढलो, तिथं मोठं पांढरं चर्च आहे, आणि वरून नदीपलीकडची जुन्या गोव्याची चर्चं एका नजरेत दिसतात, जागतिक वारशातली! संध्याकाळी शेतांपलीकडून कोकण रेल्वेची गाडी धडधडत गेली. बेटावरून जाते, पण थांबत नाही, थांबते ती करमळीला. आम्ही चौघांनी हात हलवले. डब्यातून एका पोरानं परत हलवला!

आणि शेवटी मालकीणबाईंनी बोंदेरामचं सांगितलं आणि माझी झोपच उडाली. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर सण असतो. जुन्या काळी इथल्या वाड्यांत जमिनीच्या हद्दीवरून भांडणं व्हायची, हद्दीवर निशाणं लावली की विरोधी वाड्याचे लोक दगड मारून ती पाडायचे. हद्दीवरून! म्हणजे बांधावरून! अहो, आमच्या धारूर-माजलगावात बांधावरून सख्ख्या भावांच्या कोर्टात तारखा चालू आहेत! आणि ह्या लोकांनी त्या भांडणाचा सण केला! वाड्यावाड्यांची निशाणं घेऊन मिरवणूक, सोंगं, चित्ररथ, वाजंत्री, आणि दगडांच्या जागी बांबूच्या नळीतून रानफळं मारायची खोटी लढाई! मी तो यंदा चुकवला, महिनाभर उशिरा पोचले. पुढच्या वर्षी चुकवणार नाही. नागपूरकरीण येतेय, इचलकरंजीकर येतोय, कुट्टनाडची ताई पोक्कळीचे तांदूळ घेऊन येतेय, आणि बाबाही म्हणाले आहेत की मानस बघायची आहे, तर बाबाही!

तुम्हीही या. तेलगावहून निघालात तर आधी सोलापूर, मग कोल्हापूर, तिथून पणजीची बस, पणजीहून रायबंदर. दोन कपडे, एक छत्री, चिखलातून धुता येतील अशा चपला. आणि फेरीवर चढलात की गाड्यांच्या मागं उभं राहू नका, पुढं कठड्याशी या, तिथून पाण्याची दिशा नीट दिसते. धपाटे मी आणते!