फोटो नंबर १७

'मस्त क्लिक!' हे दोन शब्द आपण इतके झिजवलेत की आता त्यांचा अर्थ फक्त 'पोचला बरं का तुझा फोटो' एवढाच उरलाय. सूर्यास्त टाका, मस्त क्लिक. मिसळीची प्लेट टाका, मस्त क्लिक. यात कुणाचं काही वाईट होत नाही म्हणा, पण फोटो सुधारायचा असेल तर याचा उपयोग शून्य.

म्हणून मग आमच्यासारखी हौशी मंडळी स्पर्धांकडे वळतात. पुण्यात आमचा असा एक छोटासा ग्रुप आहे. पंचवीस-तीस जण असू. निम्मे आयटीतले, बाकी एक दातांचे डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले दोन काका, कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम, असा सगळा मालमसाला. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका मित्राच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचं आणि दिलेल्या विषयावरचे फोटो प्रोजेक्टरवर लावायचे. नाव नाही, फक्त नंबर. आपल्यातलेच तीन जण परीक्षक, दर महिन्याला बदलतात. ते आधी गुण देतात आणि मग बोलतात. बक्षीस काय, तर जिंकणाऱ्याला पुढच्या वेळच्या चहा-वडापावची वर्गणी माफ! (हो, एवढंच. तरी लोक असे भांडतात की विचारू नका.)

नियम एकच कडक आहे. फोटो ज्याचा आहे त्याने तोंड उघडायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण आपला फोटो आठ फुटी पडद्यावर लागलाय, तीन माणसं त्याची चिरफाड करतायत आणि आपण चेहरा दगडासारखा ठेवून बसलोय, हे करून बघा एकदा. अप्रेजल परवडलं. तिथे निदान एचआर मध्ये असतो.

दोन वर्षांपूर्वी मी दिवेघाटातल्या वारीचा फोटो दिला होता. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना हा घाट चढते आणि त्या दिवशी घाटाच्या ठरावीक वळणांवर वारकऱ्यांपेक्षा कॅमेरेच जास्त आहेत की काय असं वाटतं. माझ्या फोटोत वळण होतं, पताका होत्या, ढग होते. मॅडमनी विचारलं, "यातून वारी हा विषय बाजूला काढला, तर या चौकटीत काय उरतं?" डॉक्टर म्हणाले, "डाव्या कोपऱ्यातला पाण्याचा टँकर कापून टाक, घाण दिसतोय."

घरी येऊन दोन दिवस मॅडमचा प्रश्न डोक्यात घोळत राहिला. तिसऱ्या दिवशी फोटो मोठा करून पाहिला तर गर्दीत एक आजी होती, पुढच्या बाईच्या पदराचं टोक घट्ट धरून चाललेली. उरत होती ती ही! तेवढाच भाग ठेवून पुन्हा प्रिंट काढली, ती आज माझ्या टेबलावर आहे. टँकर मात्र मूळ फोटोत मी तसाच ठेवलाय. लाखो माणसं घाट चढतात तेव्हा त्यांना पाणी लागतं, तोही वारीचाच भाग आहे. म्हणजे एक प्रतिक्रिया घेतली, एक नाही घेतली. दोन्ही करायचा हक्क आपला असतो. फक्त नाकारायच्या आधी ती पूर्ण ऐकलेली असावी.

आमच्या धंद्यात कोड रिव्ह्यू नावाचा प्रकार रोजचा असतो. तिथे आपण शिकतो की कोडबद्दल बोलायचं, कोड लिहिणाऱ्याबद्दल नाही. फोटोला हे लागू करायला गेलो आणि अडकलो. कोडला काहीतरी स्पेसिफिकेशन असतं. बटण दाबल्यावर काय व्हायला पाहिजे ते कुठेतरी लिहिलेलं असतं, निदान क्लायंटला तसं वाटत असतं. :) फोटोचं स्पेसिफिकेशन फक्त काढणाऱ्याच्या डोक्यात. ते न विचारता बग सांगायला लागलो तर आपण आपल्याला हवा असलेला फोटो त्याच्या गळ्यात मारतो.

आणि मग कामाला येतात नियम. रूल ऑफ थर्ड्स तर सगळ्यांच्या तोंडावर. गंमत म्हणजे हा नियम कॅमेऱ्याच्याही आधीचा आहे. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांवरच्या पुस्तकात तो मांडला. म्हणजे सव्वादोनशे वर्षं झाली, आणि आपण अजून 'सब्जेक्ट मधोमध आलाय' म्हणून दोन गुण कापतोय!

नुसते नियम घेऊन बसलं की काय होतं याचा एक झकास किस्सा आहे. २००६ साली फ्लिकरवर 'डिलीटमी' नावाचा एक ग्रुप होता. फोटो टाकायचा, आणि सदस्यांनी तो ठेवायचा की उडवायचा यावर मत द्यायचं. तिथे एकाने गुपचूप कार्तिए-ब्रेसाँचा फोटो टाकला. १९३२ सालचा, फ्रान्समधल्या इएर गावातला. वरून दिसणारा गोल जिना आणि खालच्या रस्त्यावरून सुसाट निघून गेलेला सायकलवाला. लोकांनी तो चक्क उडवला. सायकलवाला हललाय, फोटो धूसर आहे वगैरे. आता यावर 'कसले मूर्ख लोक' म्हणून हसणं सोपं आहे. पण मला त्यांची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. सायकलवाला हललाय हे खरंच आहे की! पाहिलं त्यांनी बरोबर. जिना स्थिर असल्यामुळे त्याचं हलणं दिसतंय, आणि फोटो त्या हलण्याचाच आहे, एवढी पुढची पायरी ते चढले नाहीत.

मोठ्या स्पर्धांची आणखी वेगळी तऱ्हा. १९५० साली स्थापन झालेल्या 'फियाप' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेने जगभर सलॉन भरतात. तिथे फोटो स्वीकारले गेले की तुमच्या खात्यात जमा होतात आणि पुढे नावामागे लावायला पदव्या मिळतात. फोटो हजारोंनी येतात, परीक्षकांना एकेकासाठी काही सेकंदच मिळतात. आपल्याला काय कळतं, तर मिळालेले गुण आणि स्वीकृत व्हायला लागणारे गुण. का कमी पडलो याबद्दल अक्षर नाही. म्हणजे बिल्ड फेल झालं, पण लॉगच नाही! बरं, याचा परिणामही होतो. काही सेकंदांत डोळ्यात घुसेल असाच फोटो लोक काढायला लागतात. भडक रंग, धुरातून येणारे किरण, सुरकुत्यांचा चेहरा. शांत फोटोला तिथे वाव कमी.

आता नंबर १७.

मागच्या वर्षी विषय होता 'हात'. माझ्या टीममधली एक मुलगी नुकतीच ग्रुपमध्ये यायला लागली होती. तिचे वडील बार्शीला शिंपीकाम करतात. तिने त्यांचा फोटो दिला. मशीनवर वाकलेले वडील, ब्लॅक अँड व्हाइट, मागचं सगळं मऊ धूसर. त्या महिन्याचे एक परीक्षक म्हणाले, "म्हातारा कारागीर, सुरकुतलेले हात, कृष्णधवल. असे हजार पाहिलेत. पुढे." सगळ्यात कमी गुण सतराला.

ते खोटं बोलले नव्हते. असे हजार फोटो खरंच आहेत. पण 'पुढे' म्हटल्यावर पोरीने त्यातून करायचं काय? पुढचे तीन महिने ती फिरकली नाही. विचारलं की "रिलीज आहे रे" म्हणायची. रिलीज आमचं एकच होतं, त्यामुळे मला तारीख माहीत होती.

एक दिवस कॅन्टीनमध्ये मी तिला फोटो लॅपटॉपवर उघडायला लावला आणि विचारलं, "हा काढताना तुला काय दाखवायचं होतं?"

"दुकान. दिवाळीनंतर बंद करतायत पप्पा."

"दुकानातलं काय?"

तिने वडिलांच्या मागच्या धूसर पट्ट्यावर बोट ठेवलं. "या वह्या. मापाच्या वह्या आहेत. १९९१ पासून दरवर्षीची एक. पाठीवर ऑइलपेंटने साल घातलंय. सुरुवातीच्या या एवढ्या जाड आहेत," तिने चार बोटं दाखवली, "आणि नंतर बारीक होत होत शेवटची शाळेच्या वहीएवढी."

मी बघतच राहिलो. अख्खा ग्राफ होता तो! रेडिमेड कपड्यांनी एका दुकानाचं काय केलं त्याचा, फळीवर मांडून ठेवलेला. आणि तिच्या फिफ्टी एमएम लेन्सने एफ १.८ वर तो धुऊन टाकला होता. ही लेन्स घेतली की मागचं सगळं धूसर करायचा मोह होतोच, घेतोच आपण ती त्यासाठी.

मग आम्ही हिशोब केला. एफ ८ वर गेलं तर उजेड साधारण वीसपट कमी होणार. ट्यूबलाइटच्या प्रकाशात शटर पाव सेकंदाच्या आसपास उघडं ठेवावं लागेल. म्हणजे ट्रायपॉड हवा, कॅमेरा मागे दाराशी न्यायला हवा, आणि पप्पांनी तेवढा वेळ हलायचं नाही. दिवाळीला तीन आठवडे होते. ती शनिवारच्या एसटीने बार्शीला गेली.

"अगं, किती वेळ पुतळा करून ठेवणार मला?" असं पप्पा म्हणाले म्हणे. पण बसले. तिने चाळीस फोटो काढले, त्यातला एक साधला. हात मशीनवर थांबलेले, मागे वह्यांची रांग, सालं वाचता येतायत. तिने तो स्पर्धेत दिलाच नाही. पाडव्याला दुकान बंद झालं. फळी निघाली, वह्या ट्रंकेत गेल्या. आज तो फोटो कुणाला पुन्हा काढायचा म्हटला तरी काढता येणार नाही. ती 'पुढे'वरच थांबली असती, तर फळी तशीच निघाली असती.

मराठीत 'टीका' शब्दाचा प्रवास मजेशीर आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका. तिथे टीका म्हणजे उलगडून सांगणं. आज टीका म्हणजे झोडपणं. 'समीक्षा' या शब्दाची फोड तर 'नीट पाहणं' अशीच होते. हौशी स्पर्धांमध्ये आपण पाहायच्या आधीच बोलतो, तिथे गाडी अडते.

हल्ली त्यात नवीनच भर पडलीये. फोटो जरा बरा असला की पहिली प्रतिक्रिया, "एआय आहे का?" शंका अगदीच निराधार नाही म्हणा. २०२३ मध्ये जर्मनीच्या बोरिस एल्डागसेनने सोनीच्या जागतिक स्पर्धेत एका विभागाचं पारितोषिक मिळाल्यावर ते नाकारलं, कारण चित्र एआयने बनवलेलं होतं. उलटं पण झालं. २०२४ मध्ये माइल्स अ‍ॅस्ट्रे याने फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो एका स्पर्धेच्या एआय विभागात पाठवला. पक्ष्याने मान अशी वळवलेली की डोकंच गायब वाटतं. त्याला बक्षीस मिळालं, आणि त्याने खरं सांगितल्यावर बाद केलं! भिगवणला उजनीच्या पाण्यात थंडीत पहाटे कुडकुडत फ्लेमिंगो टिपलेल्या माणसाला तो एक प्रश्न किती लागत असेल, विचार करा. आम्ही आता मूळ रॉ फाइल आधीच मागून घेतो आणि सभेत तो प्रश्नच विचारत नाही.

परीक्षकाची पाळी आली की मी आता एवढंच पाळतो. आधी तीस सेकंद गप्प. मग मला काय दिसतंय ते सांगायचं, चांगलं-वाईट नंतर. काढणाऱ्याला बोलायची बंदी आहे, तर त्याचा हेतू एका ओळीत फोटोबरोबर लिहून मागायचा (हा नियम सतराच्या प्रकरणानंतर मी भांडून करून घेतलाय). आणि दोष सांगितला तर त्यावर करता येईल अशी एक तरी गोष्ट सांगायची. तीही जमत नसेल तर फक्त गुण द्यायचे. आणि ऐकायची पाळी असेल तर लिहून घ्यायचं आणि दोन दिवस फोटोला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी सगळेच परीक्षक गाढव वाटतात, तिसऱ्या दिवशी त्यातला एखादाच वाटतो.

असो. पुढच्या रविवारचा विषय आहे 'दार'. बार्शीकर हल्ली नियमित येतात, आणि यावेळी परीक्षकांत त्यांचाही नंबर आहे. माझा फोटो अजून व्हायचाय, कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावून हे लिहीत बसलोय. हिरवा दिवा लागला, पळतो!