निम्मी होडी

‘शिडात वारा भरणे’, ‘संस्थेचे सुकाणू हाती घेणे’ हे वाक्प्रचार मृत रूपकांची उदाहरणे म्हणून आम्ही गेली वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. प्रत्यक्ष शीड मात्र आम्हा दोघांपैकी कोणीच हाताळले नव्हते.

आम्ही एम.ए.चे सहाध्यायी, पुढे एकाच महाविद्यालयातील सहकारी. एका निवृत्त नौदल अधिकाऱ्यांकडून एंटरप्राइज जातीची जुनी होडी आम्ही निम्मे-निम्मे पैसे घालून घेतली. जॅक होल्ट यांनी १९५६ साली आराखडा केलेली ही होडी सव्वातेरा फूट लांब, निळ्या शिडांची आणि दोघांनीच चालवायची. तिच्या सांगाड्याचे वजन सुमारे ९० किलो. म्हणून साध्या मोटारीमागे ट्रेलर जोडून ती धरणावर नेता येते.

व्यवहार झाला आणि त्याच महिन्यात विभागप्रमुखपदाच्या सेवाज्येष्ठतेचा प्रश्न उभा राहिला. आमच्या रुजू होण्याच्या तारखांत सहा दिवसांचे अंतर आहे. अधिक तपशिलाची येथे गरज नाही. एवढेच, की पंचवीस वर्षे एकमेकांना ‘अरे’ म्हणणारे आम्ही ‘अहो सर’ म्हणू लागलो. मराठीत वैर प्रथम सर्वनामांत उतरते. मोटार एकाची, ट्रेलर उभा करायला अंगण दुसऱ्याचे. होडी वाटून घेता येईना, आणि आपला हिस्सा सोडणे दोघांच्याही स्वभावात नव्हते. तेव्हा आम्ही रविवारी मुकाट्याने धरणावर जाऊ लागलो.

अधिकाऱ्यांनी तीन रविवार शिकवले. डोलकाठी उभी करण्यापूर्वी मान वर करून विजेच्या तारा पाहाव्यात. लांबच्या प्रवासात तापलेली ट्रेलरची चाके लगेच पाण्यात उतरवू नयेत. थंड पाणी आत ओढले जाते आणि बेअरिंग गंजतात. शीड चढवताना होडीचे नाक वाऱ्याकडे हवे. पाण्यावर काळसर सुरकुती सरकत येताना दिसली, की झोत येतो आहे असे समजावे आणि मोठ्या शिडाचा दोर सोडण्याच्या तयारीत राहावे. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला, की होडी डावीकडे वळते. (विभागाच्या सुकाणूविषयी बोलणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक असावी असे वाटत नाही.)

वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतीही शिडाची होडी जात नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा टापू सोडून, नागमोडी वळणे घेत वर चढावे लागते. तळातून खाली सोडलेली फळी, म्हणजे सेंटरबोर्ड, तिला आडवे घसरू देत नाही. प्रत्येक वळणापूर्वी सुकाणूवरच्याने इशारा द्यायचा, पुढच्या शिडावरच्याने उत्तर द्यायचे, मगच दोघांनी बाजू बदलायची. आमचा संवाद असा चाले : “सर, वळायचे का?” “आपली हरकत नसेल तर.” एवढ्यात होडीचा वेग मरून ती वाऱ्याकडे तोंड करून फडफडत उभी राही.

‘वारा येईल तशी पाठ द्यावी’ ही म्हणही आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शहाणपण म्हणून शिकवली. पण पाठीवर वारा घेऊन जाणे हाच नवशिक्याला सर्वांत दगा देणारा प्रकार. वारा जरा फिरला, की शिडाखालचा आडवा बूम क्षणात एका बाजूने दुसऱ्या बाजूला येतो, आणि मध्ये डोके असेल तर त्याला पूर्वसूचना मिळत नाही.

चौथ्या रविवारी आम्ही दोघेच होतो. होडीच्या बाजूंना हवेच्या बंद पेट्या असतात. त्यांतले पाणी काढण्यासाठी मागे बुचे असतात. ती लावली का, हे एकाने विचारले नाही, दुसऱ्याने सांगितले नाही. प्रत्येकाने गृहीत धरले, की दुसऱ्याने लावली असतील. अर्ध्या तासाने होडी जड, सुस्त वाटू लागली. मग एक झोत आला, बूम फिरला आणि निळे शीड पाण्यावर आडवे पसरले.

“अरे, दोर सोड! सेंटरबोर्डवर चढ!”

कोण ओरडले यावर आमचे अजून एकमत नाही. एक जण पुढच्या शिडाचा दोर धरून फळीवर उभा राहिला आणि मागे रेलला. दुसरा आतल्या बाजूस तरंगत राहिला. होडी उठली आणि पेटीतल्या पाण्याच्या वजनाने पुन्हा कलंडली. अंगावर जीवरक्षक जाकिटे होती म्हणून भीती बेताची होती, तरी दुसऱ्या वेळी “तू ठीक आहेस ना?” असे विचारणारा आवाज नेहमीचा नव्हता. तिसऱ्यांदा ती सरळ राहिली. काठापर्यंत वल्हे मारीत यायला तास लागला.

ट्रेलरवर चढवल्यावर मागच्या दोन भोकांतून पाणी बराच वेळ वाहत होते. आम्ही शेजारी बसून भिजलेल्या पोळ्या खाल्ल्या. बुचे डब्याच्या पिशवीतच सापडली.

आता ती दोरीने होडीलाच बांधली आहेत. सेवाज्येष्ठतेचा अर्ज विद्यापीठात प्रलंबित आहे, आणि सोमवारी विभागात आम्ही एकमेकांना ‘सर’च म्हणतो.