कानस घेईल असा पट्टा

धार गेलेला दात चमकतो, धार असलेला चमकत नाही. करवतीचा पट्टा दिव्याखाली तिरपा धरला की बोथट टोकावर पांढरा ठिपका दिसतो. तिथं उजेड परतवायला तेवढी सपाट जागा तयार झालेली असते. तो ठिपका जाईपर्यंत कानस मारायची, आणि गेला की एक हातही जास्त मारायचा नाही. आयुष्यभर मी त्या ठिपक्यावर पोट भरलं. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि मला सगळेच दात चमकताना दिसतात.

म्हणून गेल्या दिवाळीपासून आमच्या आरामशीनवरचं धारेचं काम भाच्याकडे दिलं. त्यासोबत नवा पट्टा विकत आणायचं कामही त्याच्याकडे गेलं. धार सोडताना मला फारसं काही वाटलं नाही, हात तसाही थकलेला होता. खरेदी सोडताना मात्र जीव वरखाली झाला. अकोल्याच्या दुकानात आता दुसरं कोणी माझ्या मशीनचा पट्टा निवडणार, ही गोष्ट गळ्याखाली उतरेना.

गेजचं कोणीही सांगेल. चाकाच्या व्यासाचा हजारावा भाग ही पट्ट्याची जाडी. 42 इंची चाकाला 19 गेज, 36 इंचीला 20. रुंदी, दातांतलं अंतर, हेही मशीन बघून ठरतं. खरी अडचण पोलादाची आहे आणि ती माझ्याच्यानं कधी सुटली नाही. पट्टा चाकांवरून फिरताना दर फेरीला दोनदा वाकतो, दोनदा सरळ होतो, आणि असं मिनिटाला काहीशे वेळा चालतं. इतकं वाकायचं तर पोलाद चिवट पाहिजे. पण त्याच पोलादाच्या एका काठाला दात आहेत, आणि वाळलेल्या बाभळीत शिरायचं तर ते दात कडक पाहिजेत. कडक पट्टा तुटतो, चिवट पट्टा लवकर बसतो, म्हणजे बोथट होतो. एकाच पट्टीकडून दोन्ही मागायचं, तेही बसेल त्या भावात.

यावरचा जुना तोडगा स्वीडनचा. तिथल्या उड्डेहोल्म कंपनीचं 15एन20 म्हणून पोलाद आहे, त्यात पाऊण टक्का कार्बन आणि दोन टक्के निकेल. कार्बन धार धरतो, निकेल तुटू देत नाही. परदेशातले सुऱ्या घडवणारे लोक हेच पोलाद दुसऱ्या पोलादासोबत थर देऊन घडवतात. आमच्या गावच्या लोहाराला कार्बन-निकेल ठाऊक नाही, पण जुन्या पट्ट्याचे विळे-कोयते त्यानं इतके केलेत की तुकडा तापवून एक घाव घातला की तो पट्ट्याची कुंडली सांगतो. नवा पट्टा घ्यायच्या आधी मी जुन्याचा तुकडा त्याच्या भट्टीवर नेऊन टाकायचो आणि त्याचं मत ऐकून मगच अकोल्याची एसटी धरायचो.

दुकानात माझ्या खिशात कानस असायची. पट्ट्याच्या पाठीच्या कोपऱ्यावर एक हलका हात मारायचा. कानस घसरली तर पट्टा जास्त कडक, लोण्यासारखी शिरली तर मऊ. किंचित कुरकुरत पकडली की हाच. मग पट्टा थोडा वर उचलून वाकवायचा आणि रुंदीवर सरळ पट्टी आडवी ठेवून तिच्याखालून उजेड बघायचा. मध्यभागी बारीक फट दिसली तर ताण बरोबर दिलाय. काहीच दिसलं नाही तर तो पट्टा चाकावर स्थिर बसणार नाही. दुकानदार कंटाळायचा. दुकानात दुसरं गिऱ्हाईक उभं असलं तर मी हे सगळं जरा सावकाशच करायचो.

सगळ्यात जास्त छळलं ते सांध्यानं. पोलाद कितीही उत्तम असू दे, गोल करायला ते कुठंतरी जोडावंच लागतं. दोन्ही टोकं तिरपी घासून, टाकणखार लावून, चांदीची पट्टी मध्ये घालून झाळायचं. उष्णता जास्त झाली तर सांध्याच्या शेजारचं पोलाद ठिसूळ होतं. कमी झाली तर झाळ पसरत नाही. आणि वर सांधा केसभर जरी जाड राहिला, तर दर फेरीला गाइडवर टक करतो. तो आवाज मला जेवताना, झोपेत, वऱ्हाडात बँड वाजत असतानाही ऐकू यायचा. लंडनच्या विल्यम न्यूबेरीला 1808 साली पट्टा-करवतीचं पेटंट मिळालं, तरी सांधा टिकेना म्हणून ते यंत्र चाललं नाही. 1846 मध्ये आन पोलिन क्रेपँ या फ्रेंच बाईनं पट्टा जोडण्याची रीत काढली, तिचे हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीनं घेतले, आणि त्यानंतर कुठं पट्टा-करवत खऱ्या अर्थानं चालू लागली. अडतीस वर्षं एका सांध्यासाठी अडून होतं हे कळल्यापासून मला माझ्या टकटकीची थोडी कमी लाज वाटते.

आमच्या वाशीम भागात लाकूड जंगलापेक्षा बांधावरून जास्त येतं. परतवाड्याच्या लिलावातला मेळघाटी साग सरळ असतो. त्यात वाळूचा अंश असल्यानं तो धार खातो खरा, पण फसवत नाही. बांधावरचा लिंब, आंबा, बाभूळ फसवतात. कुंपणाची तार बुंध्यानं गिळलेली असते, पाटीचे खिळे सालीखाली गेलेले असतात, झोपाळ्याची कडी आत राहिलेली असते. रस्ते रुंद झाले तेव्हा कडेचे म्हातारे लिंब आले, त्यांच्या पोटात तर अर्धं हार्डवेअरचं दुकान होतं. शिवाय प्रत्येकाला वेगळा दात लागतो. बाभळीला दाताचा पुढचा कल 10 अंशांच्या आसपास पुरतो, ओल्या आंब्याला तो वाढवावा लागतो आणि दातांतली खाचही मोठी लागते, नाहीतर भुसा भरतो, पट्टा तापतो आणि चीर वाकडी पळते. मशीन मात्र एक, आणि सकाळी बाभूळ तर दुपारी आंबा.

इथं शेजारच्या मशीनवाल्यांविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. चीर पळू नये म्हणून ते दातांना भरमसाट सेट देतात, म्हणजे दात दोन्ही बाजूंना जास्तच वाकवतात. काम झपाझप होतं, पट्टा अडकत नाही. पण इंची फळी काढताना दर चिरेत एक मिलिमीटर जास्त गेला, तर पंचवीस-तीस फळ्यांमागं एक फळी भुशात गेली. चिराईचे पैसे मशीनवाल्याचे, भुसा गिऱ्हाइकाच्या खात्यात. तीनधारी कानशीनं खाचेत टोकदार कोपरा पाडणाऱ्यांचं तर नावच घेऊ नका. तडा नेमका त्या कोपऱ्यातून निघतो. खाचेचा तळ गोल राहिला पाहिजे, एवढं शिकवायला आता कोणाला वेळ नाही. 1996 च्या डिसेंबरात जंगलांविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, 2002 नंतर बरीच वर्षं न्यायालयानं नेमलेल्या केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय नवी आरामशीन उघडता येत नव्हती, आणि तेव्हापासून मशीनपेक्षा परवान्याला किंमत आली. नवा माणूस धंद्यात येऊ शकत नव्हता म्हटल्यावर जुन्याला चांगलं चिरायची गरज उरली नाही. तो आदेश जंगलासाठी योग्यच होता. आमच्या कानशीचं मात्र त्यानं काही भलं केलं नाही. वर आता चौकटी ग्रॅनाइटच्या, दारं प्लायची, आणि तिफण-वखर लोखंडाचे.

भाच्यानं पहिल्याच खरेदीत टोकं कडक केलेला पट्टा आणला. यात फक्त दाताचं टोक विजेनं तापवून कडक करतात आणि पाठ चिवट ठेवतात. म्हणजे ज्या भांडणात माझा जन्म गेला ते कारखान्यातच मिटवून टाकलेलं. मी सवयीनं टोकावर कानस टेकवली. काचेवरून घसरावी तशी ती घसरली.

"मामा, कायले घासत बसता? ह्याले कानस लागतच नाही," भाचा म्हणाला. "बसला का ग्राइंडरवाल्याकडं धाडाचा, नाहीतं दुसरा चढवाचा."

"अन् खिळा लागला म्हंजे?"

"खिळा तं तुमच्या पट्ट्यालेही लागते नं!"

पंधरवड्याच्या आत एका लिंबात खिळा लागलाच. टोकं टपटप उडाली. मी तोंड गंभीर ठेवून "अरेरे" म्हणालो, पण घरी जाताना शीळ घालत गेलो हे आमच्या हिनं पाहिलं. माझा पट्टा असता तर दात वाकले असते, मी बसून सरळ केले असते, चार जणांनी बघितलं असतं.

हे "चार जणांनी बघितलं असतं" मला रात्रभर टोचत राहिलं. कडक पट्टे तेव्हाही मिळत होते. दुकानदार दाखवायचा आणि मी "आपल्या लाकडाला चालत नाही" म्हणून परत ठेवायचो. लाकडाचं कारण खरंच होतं, खोटं बोललो नाही. पण मऊ पट्टा रोज संध्याकाळी उतरवावा लागतो, रोज कोणीतरी त्याच्यापाशी बसावं लागतं, आणि अख्ख्या पंचक्रोशीत तसं बसता येणारा माणूस मी होतो. मी पोलाद निवडतो असं मला वाटायचं. खरं तर माझ्यावाचून अडेल असा पट्टा मी निवडत होतो. कानस कुरकुरली की मला जो आनंद व्हायचा, त्यात माझाच वाटा मोठा होता.

सध्या आमची वाटणी अशी झालीय. परतवाड्याच्या सागाला भाच्याचा पट्टा, बांधावरच्या लाकडाला माझा. सागाच्या फळ्या त्याच्या पट्ट्यावर माझ्यापेक्षा साफ निघतात. रंध्यावाले सुतार मुद्दाम सांगून जातात, ऐकून घ्यावं लागतं. नवा पट्टा आला की तो चाकावर चढवायच्या आधी भाचा सांधा माझ्या हातात देतो. डोळे मिटून मी अंगठा फिरवतो. त्याला डोळे लागत नाहीत. दर वेळी मला काही ना काही खोट सापडते. कधीकधी ती तिथं असतेही.