बिघडलेल्या वडीचा हिशेब

घरी साबण करणाऱ्यांचे फोन मला सर्वांत जास्त येतात ते मे महिन्यात. सूर ठरलेला असतो : "ताई, सगळं रेसिपीप्रमाणे केलं हो, तरी बिघडलं." ते खरंच बोलत असतात. रेसिपीप्रमाणे केलं म्हणूनच बिघडलेलं असतं. ती रेसिपी कुणा परदेशी बाईनं तिच्या थंड स्वयंपाकघरात, ऑलिव्हच्या तेलावर बेतलेली. आपण ती सोलापुरात करायला घेतो. बाहेर बेचाळीस अंश, पातेल्यात करडईचं तेल आणि नळाला पाणी नाही म्हणून बोअरचं पाणी. मग वडीला तडे गेले, घाम सुटला, डाग पडले की आपण पातेल्यात काय चुकलं ते शोधत बसतो. माझ्याकडे येणाऱ्या वड्यांपैकी बहुतेकींचं दुखणं पातेल्यात सापडत नाही. ते वजनकाट्यावर, पाण्यात, नाहीतर हवेत असतं.

काट्यापासूनच सुरुवात करते. आपल्याकडे तेल लिटरवर मिळतं आणि साबणाचा हिशेब ग्रॅमवर चालतो. तेलाची पिशवी वाचून पाहा : एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, हल्ली काही पिशव्यांत त्याहूनही कमी असतं. करडईच्या एक किलो तेलाचा पूर्ण साबण व्हायला सुमारे १३७ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. थोडं तेल मोकळं राहावं, अंगाला वडी कोरडी लागू नये, म्हणून आपण त्यात पाच टक्के कमी करून १३० ग्रॅम घेतो. आता समजा पिशवी फोडून 'एक किलो' म्हणून ओतली. त्या ९१० ग्रॅम तेलाला सगळं मिळून सव्वाशे ग्रॅमच कॉस्टिक पचतं. म्हणजे मोकळं तेल राहायचं दूरच, पाच ग्रॅम कॉस्टिकच वडीत मोकळं राहिलं. अशी वडी कापताना भुगा होतो, आतून खडूसारखी पांढरी दिसते, कधी मध्ये पाण्याचे बारीक थेंब असतात. ओलं बोट वडीवर फिरवून जिभेच्या टोकाला लावलं तर चटका बसतो. आणि बाई सांगत असते, मी तर पाच टक्के कमी घेतलं होतं.

तेल बदललं की आकडा बदलतो, हेही अनेकांच्या गावी नसतं. खोबरेलाला किलोमागे सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं, एरंडेलाला १२८. "खोबरेल महाग झालं म्हणून निम्मं करडई घातलं" असं कुणी म्हणालं की पुढचं मला न सांगताच कळतं. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ साली प्राण्यांची चरबी न वापरता 'चावी' साबण काढला. नुसत्या वनस्पती तेलांवर टणक, टिकाऊ वडी बांधणं हे तेव्हा मोठं काम होतं, आणि एका तेलाच्या जागी दुसरं घालताना अख्खा हिशेब नव्यानं मांडावा लागतो हे आजही तितकंच खरं आहे.

कॉस्टिक सोडा मात्र सोलापुरात शोधत फिरावं लागत नाही. सूत रंगवणाऱ्या गावाला तो ठाऊकच आहे. व्हॅट रंग सुतात उतरवायला हायड्रो नावाचं रसायन आणि कॉस्टिक लागतं, त्यामुळे चादरी-टॉवेलांच्या कारखान्यांभोवती रंग-रसायनांची दुकानं आलीच. अडचण वेगळीच. दुकानात पोतं उघडं असतं, तुम्ही मागता अर्धा किलो, आणि तो पापुद्र्यांचा माल हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढत पडलेला असतो. असं कॉस्टिक तोललं तर वजन भरतं, जोर भरत नाही. मग उलटा बिघाड होतो : वडी महिनाभरानंतरही मऊच, बोट लावलं की तेलकट, आणि पुढे लवकर खवट. पापुद्रे सुटे, कोरडे, खळखळ वाजणारे असावेत. एकमेकांना चिकटलेले, ओलसर दिसले तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरा, त्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि डबा स्वयंपाकघराबाहेर, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं, लिंबू-व्हिनेगर चोळत बसायचं नाही. डोळ्यात गेलं तर धुऊन लगेच दवाखाना गाठायचा. आणि जर्मनचं पातेलं अजिबात नको. त्यात कॉस्टिकचं पाणी फसफसतं, भांडं काळं पडतं आणि निघतो तो हायड्रोजन, म्हणजे पेट घेणारा वायू. स्टील घ्या.

आता उन्हाळा. १३० ग्रॅम कॉस्टिक दुप्पट पाण्यात विरघळवलं की ते पाणी स्वतःच तापतं, ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत जातं. मेमध्ये मुळात पाणीच कोमट असतं, तेलही न तापवता अडतीस-चाळीसला बसलेलं. रेसिपीत लिहिलेलं असतं, साचा टॉवेलात गुंडाळून उबेत ठेवा. जगाला टॉवेल पुरवणाऱ्या गावात हे वाचून प्रत्येकीला आपलेपणा वाटत असावा; दोन-दोन टॉवेल गुंडाळून ठेवतात. सकाळी पाहावं तर साच्याचा माथा मधोमध चिरलेला, नाहीतर मिश्रण काठावरून उतू गेलेलं. मध, गूळ किंवा दूध घातलं असेल तर हे हमखास, कारण साखर उष्णता आणखी वाढवते. आपल्याकडे उस्मानाबादी शेळी घरोघर, त्यामुळे शेळीच्या दुधाच्या साबणाची हौस मोठी. ताज्या दुधात कॉस्टिक घातलं की ते क्षणात पिवळं, मग तपकिरी होतं आणि अमोनियाचा दर्प उठतो. दूध बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, खडे पातेल्यात टाका आणि कॉस्टिक चिमूटचिमूट घाला. साध्या साबणातही मेमध्ये थोड्या पाण्याऐवजी तितक्याच वजनाचा बर्फ घ्यावा. साचा उघडाच ठेवावा, पंख्याखाली. मधोमध गडद आणि कडेला फिकट असं वर्तुळ उमटलं तर घाबरू नका. मधला भाग जास्त तापला एवढंच. वडी वापरायला ठणठणीत असते.

डिसेंबरात सगळं उलटतं. पहाटेच्या गारव्यात खोबरेल थिजतं. ते नीट वितळवलं नसेल तर मिश्रण दाट दिसतं आणि ट्रेस आला, म्हणजे तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकजीव होऊन दाटलं, असं वाटून लोक साच्यात ओततात. दाटपणा साबणाचा नसतो, थिजलेल्या तेलाचा असतो. रात्रीतून वर तेलाचा थर, खाली कॉस्टिकचं पाणी. थंडीत तेल पूर्ण पारदर्शक होईपर्यंत वितळवून घ्या, बाकी काही नाही.

पण सोलापूरचा खास बिघाड म्हणाल तर तो करडईचा. हे आपलं रब्बीचं तेलाचं पीक. ज्वारीच्या कडेनं जनावरं शिरू नयेत म्हणून काटेरी करडईच्या ओळी पेरायची जुनी रीत. करडईवर संशोधन करणारं केंद्रही सोलापुरातच आहे, आणि 'भीमा' हा वाण इथलाच. लाकडी घाण्याचं तेल परत घरात आलं तसं "आपल्या तेलाचाच साबण" हा हट्टही आला. तेल उत्तमच, पण खायला. त्यात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असतं, आणि ते हवेशी फार लवकर जुळतं. निव्वळ करडईची वडी पहिल्या महिन्यात देखणी दिसते, हस्तिदंती, गुळगुळीत. मग एके दिवशी कडेला टाचणीच्या डोक्याएवढा नारिंगी ठिपका दिसतो. आठवड्यात त्याचे चार होतात, भोवती ओलसर कडं धरतं, आणि वास घेतला तर पावसाळ्यात डब्यात विसरलेल्या तळणाचा येतो. तेव्हा चाकूनं ठिपका कोरून उपयोग नसतो, आतही तेच चाललेलं असतं.

या ठिपक्यांना आपली एक सवय हातभार लावते. वडी 'वाळवायची' म्हटलं की आपण ती गच्चीवर, कडक उन्हात, पापड-सांडग्यांच्या शेजारी मांडतो; तीही जुन्या लोखंडी खाटेच्या जाळीवर. ऊन, उष्णता आणि गंज ही तिन्ही खवटपणाला चालना देतात. साबणाला ऊन नको, सावली आणि वारा हवा. लाकडी फळीवर किंवा बांबूच्या सुपात, वड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून चार ते सहा आठवडे. दर आठवड्याला एक वडी तोला. वजन उतरायचं थांबलं की वडी तयार. करडई एकूण तेलाच्या दहा-पंधरा टक्क्यांपुढे नेऊ नका, आणि तेही ताज्या घाण्याचं. आपल्याच तेलाचा साबण हवा असेल तर शेंगदाण्याचं तेल त्या मानानं बरंच टिकतं. या हट्टापायी मी बऱ्याच जणींशी वाद घातलेत. माझं मत बदललेलं नाही.

"फेस येत नाही" ही तक्रार करणाऱ्यांना मी आधी पाणी विचारते. पालिकेचं पाणी काही दिवसांआड, मधल्या दिवसांत बोअर. आपल्या काळ्या पाषाणातून आलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. साबण आधी त्यांच्याशी जुळतो, पांढरा साका बादलीच्या कडेला बसतो, आणि त्यांचं भागल्यावर उरलेल्या साबणाचा फेस होतो. दुकानातल्या साबणाच्या वेष्टनावर ईडीटीए असं काहीतरी लिहिलेलं असतं ना, ते याच कामासाठी. घरी तेच काम सायट्रिक आम्लाकडून, म्हणजे लिंबूसत्त्वाकडून करून घेता येतं. मात्र ते स्वतः कॉस्टिक खातं : दर ग्रॅमला सुमारे ०.६ ग्रॅम. तेवढं कॉस्टिक वाढवलं नाही तर वडी तेलकट होते. खोबरेल पंचवीस-तीस टक्के आणि एरंडेल पाचेक टक्के ठेवलं तर जड पाण्यातही बरा फेस येतो. साबण करताना बोअरचं पाणी वापरूच नका. माठाचं पाणी गार असतं म्हणून कुणी घेतं, पण क्षार त्यातही तेच. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर स्वस्त आहे आणि कुठेही मिळतं.

वासाचं थोडक्यात सांगते. लवंगेचं तेल आणि अगरबत्तीसाठी विकली जाणारी सेंटं मिश्रणाला क्षणात दगड करतात; चमचा उभा राहतो. घालायचीच असतील तर ट्रेस अगदी हलका असताना, आणि ब्लेंडर बाजूला ठेवून हातानं ढवळत घाला.

हळदीबद्दल मात्र थोडं थांबावं लागेल. हळदीची वडी सुरुवातीला तांबूस दिसते आणि बाई घाबरते. यात बिघाड नाही. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. पंढरपूरच्या वाटेवरच्या आपल्यासारख्यांना हे सांगायची गरज नसावी, कुंकू याच गुणावर बनतं. वडी मुरेल तसा रंग पिवळ्याकडे वळतो. पण याच गुणावरून एक खूळ पसरलंय : साबणावर हळदीचं पाणी टाका, लाल झालं तर साबण जहाल. साफ चूक. चांगला, मुरलेला साबणसुद्धा क्षारीयच असतो आणि हळद लाल करतोच. शर्टावरचा आमटीचा डाग कुठलाही साबण लावल्यावर लाल होतो तो त्यामुळेच. या परीक्षेपायी चांगल्या वड्या टाकून दिलेल्या मी पाहिल्या आहेत.

वडीवरची पांढरी भुकटीही अशीच विनाकारण बदनाम आहे. ती फक्त पृष्ठभागावर असेल तर हवेशी जुळून झालेला धुण्याचा सोडा आहे, ओल्या फडक्यानं पुसा. आतपर्यंत पांढरी आणि ठिसूळ असेल तर मात्र कॉस्टिक जास्त झालंय. अशी वडी किसणीवर किसा, हिशेबानं तेल वाढवा, थोडं पाणी घालून गरम पाण्याच्या पातेल्यावर मंद शिजवा आणि पुन्हा साच्यात भरा. रूप ओबडधोबड येईल, काम चोख होईल. खवट वडीला हा उपाय नाही. विकायचा विचार असेल तर आधी अन्न व औषध प्रशासनाकडे परवान्याची चौकशी करा. अंगाचा साबण कायद्यानं सौंदर्यप्रसाधन आहे.

माझ्याकडे बिघडलेली वडी घेऊन येणाऱ्यांना एकच विनंती. वडीबरोबर एक कागदही आणा : तेल कोणतं आणि किती ग्रॅम, कॉस्टिक किती आणि कधी आणलेलं, पाणी कुठलं, तारीख काय. कागद असेल तर बहुतेक वेळा पाच मिनिटांत उत्तर सापडतं. कागद नसेल, तर मीही तुमच्यासारखीच वडीकडे बघत बसते.