फिल्टर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. गेले चार-पाच महिने दर दुसऱ्या शनिवारी पुणे-सांगोला वारी चालू होती, त्यामुळे इथे फिरकायला जमलं नाही. वारीचं कारण अण्णांची बुलेट. (नातेवाईक मंडळींसाठी खुलासा : गाडी विकायची नाही. अण्णांना फोन करून भाव विचारू नये.)

गाडी १९८८ सालची. साडेतीनशे, काळी, टाकीवर सोनेरी रेघा. गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या, त्यामुळे आजच्या पोरांना चालवायला दिली की पहिल्याच चौकात घोटाळा. मित्र तिला कौतुकाने 'व्हिंटेज' म्हणतात. कायद्याने ती अजून व्हिंटेज नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी नोंदणीला पन्नास वर्षं व्हावी लागतात. पण इंजिन मात्र जुन्या घराण्यातलं. १९५५ साली इंग्लंडमधल्या रेडिचच्या कंपनीशी भागीदारी करून मद्रासला ही गाडी जुळवायला सुरुवात झाली. आपल्या सैन्याने आठशे बुलेट मागवल्या होत्या, ते निमित्त. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, इकडचा चालूच राहिला. ते ओतीव लोखंडाचं इंजिन २००० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत आपल्याकडे बनत होतं.

अण्णा पाटबंधारे खात्यात होते. कालव्यांच्या कडेचे मुरमाचे रस्ते, चाऱ्या, पोटचाऱ्या, सगळं याच गाडीवर. २००४ नंतर गुडघ्यांमुळे गाडी सुटली आणि पडवीत ताडपत्रीखाली गेली. गेल्या दिवाळीत ताडपत्री काढली आणि म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

टाकी धुतली, पॉइंट घासले, बॅटरी नवी टाकली, कार्बोरेटर उघडून जेट साफ केले. तिसऱ्या शनिवारी गाडी चालू झाली! आई स्वयंपाकघरातून पळत आली. पण आनंद दोन मिनिटांचा. आयडलिंगला थांबेना, आपोआप वर जायची, खाली यायची, बंद पडायची. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके. प्लग काढून पाहिला तर पांढराफटक. नीट जळणाऱ्या इंजिनाचा प्लग कॉफीच्या रंगाचा असतो. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. म्हणजे हवा कुठून तरी चोरून आत जात होती.

इथे थोडं हवेबद्दल सांगतो, कंटाळू नका. आपण गाडीला पेट्रोल घालतो, पैसे त्याचे मोजतो, म्हणून गाडी पेट्रोलवर चालते असं आपल्याला वाटतं. पण एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे साधारण नऊ हजार लिटर हवा! हे इंजिन ३४६ सीसीचं. तीन हजार आरपीएमला मिनिटाला दीड हजार श्वास घेतं. पूर्ण थ्रॉटलवर हिशेब केला तर मिनिटाला पाचशे लिटरच्या आसपास. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर घेतो. आता ही एवढी हवा सांगोल्याच्या कालव्यावरची, उन्हाळ्यातली, पुढे एक ट्रक गेलेला. तिच्यातली धूळ म्हणजे बरीचशी बारीक वाळूच. ती आत गेली की तेलात मिसळते, तिची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते आणि रिंगा आणि बोअर घासत बसते. हे सगळं थांबवायला मधे काय असतं? सीटखाली उजव्या अंगाला एक पत्र्याचा डबा, त्यात कागदाचा फिल्टर आणि तिथून कार्बोरेटरपर्यंत जाणारा रबरी होस. बास.

तर मी तो डबा काढायला घेतला. तळाचा पत्रा गंजून चाळणी झाला होता. फिल्टर हातात घेतल्यावर त्याचा भुगा झाला. होस वाळून कडक झालेला, घडीघडीत चिरा. क्लिप गंजून चिकटलेली, ती कापूनच काढावी लागली. होस सुटला, मी तो उलटा करून फरशीवर आपटला आणि आतून धूळ पडली. तांबूस, मुरमाची, घट्ट बसलेली. चिमूटभर नाही, चांगली चहाचा चमचाभर.

नवख्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. जुनी गाडी, धूळ असणारच. पण होस फिल्टरच्या *नंतर* येतो. चिरांमधून गेली असती तर ती चिरांपाशी असती, ही पार कार्बोरेटरच्या तोंडापर्यंत सगळ्या घड्यांमध्ये दाबून बसली होती. ती धूळ तिथे कशी गेली हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातला एक मी.

१९९६ साल. मी एकोणीस वर्षांचा, कॉलेजात. संध्याकाळी अण्णा आले की गाडी मिळायची. तेव्हा आमच्यात एक शास्त्र होतं : फिल्टर काढला की गाडीला 'आवाज येतो'. आणि खरंच येतो. थ्रॉटल पिळला की सीटखालून असा गुरगुराट यायचा की स्टँडवरची माणसं वळून बघायची. मी एका दुपारी फिल्टर काढला, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला, डब्याचं झाकण परत लावलं. बाहेरून काही कळण्यासारखं नव्हतं. अण्णा एकदा म्हणाले, "गाडी जरा घुमायला लागलीय का रे?" मी म्हटलं, "नाही बुवा."

त्याच्या वर्षभर आधीच इंजिनाचं बोअरचं काम झालं होतं. नवा पिस्टन, नव्या रिंगा. काम आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी केलं होतं. अण्णा त्यांना मिस्त्री म्हणायचे, आम्ही पोरं चाचा. अण्णांच्या ऑफिसातल्या बाकीच्यांच्या गाड्याही त्यांच्याकडेच जायच्या.

१९९७ च्या एप्रिलमध्ये गाडी निळा धूर सोडायला लागली. तेल प्यायला लागली. अण्णा म्हणाले, उद्या मिस्त्रीकडे नेऊ, बघू काय केलंय त्यानं. त्या रात्री मी माळ्यावर चढलो, फिल्टर काढला आणि डब्यात बसवला.

दुसऱ्या दिवशी मी मागे बसून गेलो. गॅरेजात चार माणसं होती. अण्णांचा आवाज चढला. "अरे मिस्त्री, दोन वर्षं नाही झाली बोअरला. खोटा माल घातलास तू!" चाचा म्हणाले, "न्हाई साहेब, माल कंपनीचाच हाय. आत धूळ जातीया कुठनं तरी." त्यांनी डब्याचं झाकण काढलं. फिल्टर बाहेर घेतला. कोरा. वर्षभर कालव्यावर फिरलेल्या गाडीचा फिल्टर असा असतो का? मग त्यांनी होसात बोट घातलं आणि बाहेर काढून बघितलं. तांबडं झालं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गॅरेजच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

ते काही बोलले नाहीत. बोट फडक्याला पुसलं, फिल्टर परत बसवला. अण्णा म्हणाले, "बघ, फिल्टर तर चांगला आहे." गाडी ढकलत आम्ही बाहेर आलो. पुढचं काम पंढरपूरला केलं. अण्णांनी त्या गॅरेजात परत पाऊल ठेवलं नाही.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. अधूनमधून आठवायचं, मग मी स्वतःला सांगायचो की एवढ्याशा गोष्टीचं काय. पण खरं सांगू का, ती गाडी दुरुस्त करायला मी पंचवीस वर्षं टाळाटाळ का केली, हे मला त्या फरशीवरच्या धुळीकडे बघताना कळलं.

होस तसाच हातात घेऊन आत गेलो. अण्णा आता एक्याऐंशीचे. पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, होस घेतला, त्यात बोट घातलं, अगदी चाचांसारखंच. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मिस्त्री आहे का अजून?"

चाचा होते. गॅरेज आता मुलगा बघतो. ते दारात खुर्ची टाकून बसलेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. अण्णांना त्यांनी लगेच ओळखलं, उठायला लागले. अण्णांनी खांद्यावर हात ठेवून बसवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बोल."

मी बोललो. मधेच आवाज फुटेना, तरी बोललो. चाचांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "फिल्टर कोरा आन् होसात धूळ. तवाच कळलं हुतं मला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो आसतो तर साहेबांनी तुला तिथंच हाणला आसता. आन् माझ्यावर इस्वास ठेवला आसता का न्हाई, कुणाला म्हाईत. पोरगं खोटं बोलतंय म्हणायला कुठला बाप तयार हुतो?" मग थोडं थांबून म्हणाले, "पाटबंधारेच्या चार गाड्या यायच्या माझ्याकडं. त्या म्हैन्यात चारी गेल्या."

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. हिशेब सांगावा तसं सांगितलं. त्या चार गाड्यांचा विचार मी कधी केलाच नव्हता. माझ्या डोक्यात ही गोष्ट नेहमी माझ्या अपराधाची होती, चाचांच्या पोटाची नव्हती.

अण्णा म्हणाले, "मिस्त्री, तुम्हाला मी चार माणसांत बोललो. चुकलं माझं." आयुष्यभर त्यांनी चाचांना अरे-तुरे केलं होतं. मला तिथे उभं राहवेना, कारण ती माफी त्यांची नव्हती, माझी होती.

चाचांनी विषय बदलला. "गाडी कुठं हाय? आना की."

पुढच्या वारीला नाना पेठेतून नवा होस आणि फिल्टर आणला. होस आधी गरम पाण्यात बुडवून मऊ करायचा, मगच तो तोंडावर चढतो, नाहीतर फाटतो. डब्याचा तळ गॅसवेल्डिंगवाल्याकडून नवीन पत्रा लावून घेतला, घासला, रेड ऑक्साईड मारला, वर काळा रंग. दिसायला अगदी कोरा झाला. तरी फटाके चालूच. गाडी टेम्पोत घालून चाचांकडे नेली.

त्यांनी खुर्चीतूनच मुलाला सांगितलं, कार्बोरेटर आणि हेडच्या जोडावर साबणाचं पाणी मार. चालू इंजिनवर पाणी मारताच आवाज बदलला. चोर सापडला! कार्बोरेटरचा फ्लँज वाकलेला होता. कधीतरी कुणीतरी नट जास्त आवळले की दोन्ही कान वाकतात आणि मधे फट पडते. होस फाटला तर धूळ आत जाते, हा जोड फाकला तर हवा. मुलाने जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवला आणि चाचा स्वतः फ्लँज त्यावर घासत बसले, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, हलक्या हाताने. अर्धा तास. मधेमधे उजेडाला धरून बघायचे, मग माझ्या हातात द्यायचे. "बघ. डोळ्याला दिसत न्हाई, बोटाला कळतंय." नवं पॅकिंग घातलं, नट बेताने आवळले.

तिसऱ्या किकला गाडी लागली आणि ते जुनं ठोके मोजता येतील असं आयडलिंग सुरू झालं. अण्णा काठी टेकून उभे होते. सीटखालून आवाज येत नव्हता. फिल्टर असला की येत नाहीच.

पैसे विचारले तर चाचांच्या मुलाने चारशे रुपये सांगितले. मी जास्त द्यायला गेलो तर चाचा म्हणाले, "चारशेच दे." मी चारशेच दिले. त्या चार गाड्यांचे पैसे असे एका फ्लँजमध्ये फिटणार नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

असो. आता दर वारीला अण्णा आणि चाचा संध्याकाळी गॅरेजच्या दारात बसलेले असतात. काय बोलतात माहीत नाही, बहुधा गुडघे आणि कालव्याचं पाणी. मी गाडीची एक चक्कर मारून येतो. आणि परत आलो की चाचा न चुकता डब्याचं झाकण काढायला लावतात, फिल्टर बघतात, होसात बोट घालतात.

अजून तरी कोरं निघतंय.