दापोड्याची रिकामी दावण

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे वाचकांस एखादा किल्ला, एखादें देवालय किंवा निदान एखादा घाट तरी अपेक्षित असतो. आम्ही आज ज्या गांवाविषयीं लिहीत आहों, तेथें आम्ही यांपैकीं कांहींच पाहिलें नाहीं. भिवंडी तालुक्यांतील दापोडें हें तें गांव. ठाण्याहून तेथें जाण्यास फारसा वेळ लागत नाहीं, आणि बाहेरचे बहुतेक लोक तेथें जातात ते मालाच्या कामानेंच. तरीहि गेल्या माघांत तेथें घालविलेली एक दुपार आमच्या घरांतील लहानथोरांच्या मनांतून अद्यापि गेलेली नाहीं; म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे धाकटे बंधु गुरांचे डॉक्टर आहेत. भिवंडीकडील गांवांत त्यांचें नेहमींच जाणें-येणें असतें. एके रात्रीं ते पानावर बसले, परंतु घास घेईनात. मातोश्रींनीं कारण विचारलें, तेव्हां म्हणाले, "दापोड्याचा तो शर्यतीचा बैल गेला. उद्यां त्याचा दहावा दिवस. बोलावणें आलें आहे. पण तिकडे जावयास पाय उचलत नाहीं." बैलाचा दहावा ऐकून मुलांस हंसूं आलें. मातोश्रींनीं मात्र त्यांच्याकडे एकदांच पाहिलें आणि म्हटलें, "बोलावलें आहे तर गेलें पाहिजे. आम्हीहि सारीं येतों."

त्याप्रमाणें दुसऱ्या दिवशीं आम्ही सहाजण निघालों. नाशिकच्या रस्त्यानें खारेगांव मागें टाकून मानकोलीच्या नाक्यावर आलों. तेथून उजवीकडे खाडीवरील नव्या पुलानें डोंबिवलीस जातां येतें. हा पूल 2024 सालीं खुला झाला. आम्ही डावीकडे अंजूरफाट्याच्या दिशेनें वळलों. वळतांच दोन्ही बाजूंस गुदामें सुरू झालीं. पत्र्याचीं लांबच लांब छपरें, त्यांच्यापुढें उभ्या असलेल्या मालगाड्या, आणि धूळ. मुंबईकरांच्या घरीं जें जें खोक्यांतून येतें, त्यांतील पुष्कळसें अगोदर भिवंडीच्या या गुदामांत येऊन पडतें. मधूनच दोन गुदामांच्या भिंतींमध्यें भाताच्या खाचराची एखादी चिंचोळी पट्टी दिसे. कापणी होऊन गेल्यामुळें तींत नुसते खुंट उभे होते. हा सारा मुलूख एके काळीं भातशेतीचा होता, याची तेवढीच काय ती खूण.

ज्या घरीं आम्हांस जावयाचें होतें, तें एका आगरी शेतकऱ्याचें. घरच्या मंडळींचीं व बैलाचें नांव आम्ही येथें देत नाहीं; त्यांचें दुःख त्यांचेंच राहूं द्यावें, हें बरें. घर नवें, दुमजली होतें. बाजूस गोठा होता, तोहि पक्क्या फरशीचा, पंखा लावलेला. भिंतीवर शर्यतींत मिळालेल्या ढाली ओळीनें मांडल्या होत्या, आणि खालच्या बाजूस गुलालाचे जुने डाग होते. दावणीला दोन खुंटे होते. एक रिकामा होता. त्याच्याशीं तेलाचा दिवा व झेंडूचा हार ठेवला होता. दुसऱ्या खुंट्यास जोडीचा बैल बांधलेला होता, आणि तो स्वस्थपणें वैरण खात होता. आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं हळूच विचारलें, "याला कळलें नसेल का?" कोणीच उत्तर दिलें नाहीं.

यजमान आम्हांस ओटीवर घेऊन बसले. जमीन पूर्वीं बरीच होती; तिच्यांतील मोठा भाग गुदामाकरितां भाड्यानें गेला. उरलेल्या तुकड्याची मशागत यंत्र एका सकाळींच उरकतें. नांगर माळ्यावर जाऊन पडला. "मग बैल कशाकरितां ठेवावयाचे?" असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, "आमच्या वडिलांच्या दारांत बैल नाहीं असा दिवस गेला नाहीं. शेत गेलें म्हणून दावणहि मोडावयाची काय?" येथें शर्यतीचें मर्म आम्हांस प्रथम कळलें. दूर शहरांत बसून आम्हांस ती नुसती हौस वाटत असे. परंतु ज्याचें शेत गेलें, त्याच्या घरीं बैलाला राहूं देण्यास तेवढें एकच निमित्त उरलें होतें. गुदामाच्या भाड्यावर बैल पोसला जात होता, आणि बैलाच्या रूपानें घर शेतकऱ्याचें राहिलें होतें.

हा बैल खिल्लार जातीचा, पांढराशुभ्र, घाटावरून लहानपणीं आणलेला. त्याला सकाळीं दूध, भिजविलेले उडीद आणि बदाम. थंडींत ऊन पाण्याचें स्नान. संध्याकाळीं तळ्यांत पोहणें. घरांतील सुनेनें हंसत सांगितलें कीं, बाळंतिणीलाहि एवढें मिळत नसे. सांगतां सांगतां तिचें हंसू ओठांवरच राहिलें, आणि ती पदर तोंडास लावून आंत निघून गेली.

अपघात एका शर्यतीच्या शेवटीं झाला. छकडा पुढें होता. खुणेची रेषा ओलांडल्यावर वेग आवरतांना चाक खळग्यांत गेलें, आणि बैल जुवासकट आडवा झाला. पुढचा डावा पाय गुडघ्याखालीं मोडला. शर्यत मात्र त्यानेंच जिंकली होती. गुलाल उधळला गेला तो त्याच्या पडलेल्या अंगावर.

आमच्या बंधूंस त्याच रात्रीं बोलावणें आलें होतें. बैल बावीस दिवस जगला. ओटीवर बसलेल्या थोरल्या मुलानें त्यांस सरळच विचारलें, "डॉक्टर, हा परदेशांत असता तर वांचला असता का?"

बंधूंनीं त्यास जें सांगितलें, तें आम्ही वाचकांकरितां थोडक्यांत देतों. अमेरिकेंत बारबॅरो नांवाचा घोडा होता. 6 मे 2006 रोजीं त्यानें केंटकी डर्बी ही तेथील सर्वांत मानाची शर्यत साडेसहा लांबींनीं जिंकली. तोंवर तो एकदांहि हरला नव्हता. पुढें दोनच आठवड्यांनीं, 20 मे रोजीं, बाल्टिमोर येथील शर्यतींत सुरवातीसच त्याचा मागचा उजवा पाय अनेक ठिकाणीं मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयांत डॉ. डीन रिचर्डसन यांनीं पांच तासांहून अधिक वेळ शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी व सत्तावीस स्क्रू घालून तें हाड जोडलें. पैशाची उणीव नव्हती, विद्येची नव्हती, प्रेमाचीहि नव्हती. लोक रुग्णालयांत गाजरें, सफरचंदें, पत्रें पाठवीत होते. मोडलेला पाय बरा होऊं लागला. परंतु त्या पायाचा भार इतर पायांवर पडून जुलै महिन्यांत दुसऱ्या मागच्या पायाचें खूर आंतून सुटूं लागलें. अखेरीस 29 जानेवारी 2007 रोजीं, आठ महिन्यांच्या झुंजीनंतर, त्याच्या मालकांनीं व डॉक्टरांनीं त्यास वेदनांतून सोडविलें.

"घोड्याचें वजन साडेचारशें-पांचशें किलो," बंधु म्हणाले, "आणि गुडघ्याखालीं मांस नाहींच, हाड, स्नायुबंध आणि कातडें. रक्ताचा पुरवठा बेताचा, म्हणून जखम लौकर भरून येत नाहीं. माणसाला आपण महिना दीड महिना खाटेवर निजवून ठेवतों; घोड्याला तसें ठेवतां येत नाहीं. 1975 सालीं रफियन नांवाच्या घोडीचें हाड असेंच जोडलें होतें. पण भूल उतरतांच ती पळूं लागल्यासारखे पाय झाडूं लागली, आणि जोडलेलें सारें मोडलें. तिच्या मनांत शर्यत अजून चाललेलीच असावी. बैल घोड्याहून शांत; तो बसून राहतो. पण एवढ्या वजनाचा बैल फार दिवस बसला म्हणजे खालचे स्नायु दबून मरतात, अंगाला जखमा पडतात, पोट फुगतें. तुमच्या बैलाचें तेंच झालें. तुम्हीं करावयाचें कांहीं राहिलें नव्हतें."

थोरला मुलगा कांहीं वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुम्हीं पहिल्या आठवड्यांतच सुचविलें होतें, त्याला शांतपणें जाऊं द्यावें म्हणून. मीं ऐकलें नाहीं. पुढचे पंधरा दिवस त्यानें माझ्याकरितां सोसले." आमचे बंधु रात्रीं घास कां घेईनात, तें आम्हांस त्या क्षणीं कळलें. त्यांनींहि आग्रह धरला नव्हता.

मनुष्यानें आपल्याकरितां धांवलेल्या जनावराचा शोक करावा, हें कांहीं नवें नाहीं. 1576 सालच्या हळदीघाटच्या लढाईंत राणा प्रतापाचा चेतक घोडा पायास घाव लागलेला असतांहि धन्यास घेऊन निघाला, ओढा ओलांडून पलीकडे गेला आणि तेथें पडला, असें परंपरा सांगते. त्याची छत्री तेथें आजहि आहे. रफियनला तिच्या न्यूयॉर्कच्या शर्यतीच्या मैदानांतच पुरलें. बारबॅरोची रक्षा केंटकी डर्बीच्या मैदानाच्या दाराशीं आहे, आणि वर त्याचा कांस्याचा पुतळा उभा आहे. परंतु चेतक युद्धांत पडला. येथें तर युद्ध नव्हतें. कोणाचा प्राण वांचवावयाचा नव्हता. हा भेद आमच्या मनांत घोळत होता, परंतु शोकाच्या घरीं तो बोलून दाखविण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

तें धैर्य घरच्या आजीबाईंनीं केलें. त्या कोपऱ्यांत भिंतीला टेकून बसल्या होत्या. धाकटा नातू सांगत होता कीं, सर्वोच्च न्यायालयानें 2014 सालीं शर्यती बंद केल्या, त्या 2021 च्या डिसेंबरांत पुन्हां सुरू झाल्या; 2023 सालीं घटनापीठानेंहि त्या मान्य केल्या; आतां पशुवैद्याची तपासणी लागते, काठी-चाबूक चालत नाहीं; त्यांनीं सारे नियम पाळले होते, आणि बैलाला तर पळण्याची उपजतच हौस होती. त्यावर आजीबाई सावकाश म्हणाल्या, "पलाची हौस त्याला व्हती का आमाना, ह्या कोनी त्याला ईचारला?"

ओटीवर एकदम शांतता झाली. आजीबाईंच्या बोलण्यांत रोष नव्हता. त्यांनीं त्या बैलाला वासरूं असतांना मांडीवर डोकें घेऊन चारलें होतें. बावीस दिवस रात्रीं त्याच्यापाशीं त्याच बसत. त्यांनीं कोणास दोष दिला नाहीं. 'आमाना' म्हणतांना त्यांनीं स्वतःसहि त्यांत धरलें होतें. आम्हांस वाटतें, शोक खरा कीं दिखाऊ याची कसोटी हीच असावी. बैलाला हार घालणें, गुलालासकट स्वतःच्या जमिनींत पुरणें, गांवजेवण घालणें, हें सारें सुंदर आहे. परंतु "हा पडला त्यांत माझा वांटा किती" हा प्रश्न जो शोक विचारूं शकतो, तोच त्या मुक्या जिवापर्यंत पोहोंचतो.

जेवणें झालीं. मातोश्रींनीं दिव्यांत तेल घातलें आणि जोडीच्या बैलाच्या तोंडाशीं गूळ धरला. पुढें काय करावयाचें, याविषयीं त्या घरांत एकमत नाहीं. धाकटा नवा जोडीदार शोधूं म्हणतो. थोरला म्हणतो, दावण ठेवूं, पण छकडा विकूं. आजीबाई कांहींच म्हणत नाहींत. आम्हींहि सल्ला दिला नाहीं. आणि तो देण्याचा अधिकार आम्हांस कां नाहीं, हें परतीच्या वाटेवर कळलें.

गाडी मानकोलीच्या नाक्याशीं थांबली असतां आम्हीं सहज उद्गार काढला कीं, या लोकांत शर्यतीचें वेड फार. त्यावर मातोश्री म्हणाल्या, "आणि आपल्यांत?" आमच्या तीर्थरूपांस महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतींचा नाद होता. तें मैदान 1883 पासूनचें. हंगामांत ते स्वच्छ कोट घालून जात, आणि रात्रीं पंगतींत शर्यतीची हकीकत सांगत. त्यांत लाजिरवाणें असें कांहीं आम्हांस कधीं वाटलें नव्हतें.

"कोणता घोडा पहिला आला, तें ते घरीं येऊन सांगत," मातोश्री खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "एकदां म्हणाले, एक वाटेंतच पडला. मीं भात वाढीत होतें. त्याचें पुढें काय झालें, तें मीं विचारलें नाहीं."

त्यानंतर ठाणें येईपर्यंत गाडींत कोणी बोललें नाहीं.